वरून ओतलेले पाणी

खाडीच्या काठावर, जिथे मिठागरे संपतात आणि नारळीच्या वाड्या सुरू होतात, तिथे सिस्टरांची एक शाळा होती. त्या शाळेत ज्युडिथ डाबरे नावाची एक मुलगी होती. ती सगळ्यात पहिली यायची. वर्गात पहिली, वक्तृत्वात पहिली, बायबलच्या प्रश्नमंजूषेत पहिली आणि लिंबू-चमच्याच्या शर्यतीतसुद्धा पहिली. घरच्या कपाटात तिच्या चषकांना जागा उरली नव्हती. तिची आई पाहुण्यांना चहा देऊन चषक दाखवायची, आणि पाहुण्यांचे लक्ष चहातच राहिले तर चहा संपल्यावर पुन्हा दाखवायची.

ज्युडिथला मात्र बक्षीस घेऊन घरी येताना वाटेतच रिकामे रिकामे वाटायला लागे. हे सगळे कशासाठी, असे तिच्या मनात येई. पण ती कोणाला बोलून दाखवत नसे. इतके चषक असलेल्या मुलीने रडगाणे गायले तर लोक हसतीलच ना? म्हणून ती पुढच्या स्पर्धेची तयारी करायला बसे.

आता त्या शाळेची एक प्रथा सांगायला हवी. पवित्र गुरुवारी प्रभू येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले. गुरूने खाली बसून शिष्यांचे पाय धुवायचे, ही जगाच्या अगदी उलटी रीत. तिची आठवण म्हणून त्या दिवशी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. शाळेत हाच विधी आदल्या दिवशी, बुधवारी होत असे. सभागृहातल्या स्टेजवर बारा खुर्च्या मांडायच्या, गावातले बारा वडीलधारे त्यांवर बसवायचे आणि नववीतल्या एका गुणी विद्यार्थ्याने त्यांचे पाय धुवायचे.

प्रथा म्हटली की तिला नटवायची हौस आलीच. पितळी तस्त चिंचेने घासून लखलखीत केले जाई. पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या पडत. आणि ज्यांचे पाय धुवायचे ती मंडळी सकाळीच घरी वजरीने टाचा घासून, साबणाने पाय धुऊन, वर पावडर लावून येत. म्हणजे धुतलेले पायच पुन्हा धुतले जात. यात काही चुकते आहे असे कोणाला वाटत नव्हते. स्टेजवर मळके पाय घेऊन जाणे हा विधीचा अपमान आहे, अशीच सगळ्यांची समजूत होती. पाहुणे निवडतानाही शाळा हळूच पायांकडे बघून घेई. मिठागरात राबणाऱ्या कोणालाही त्या खुर्चीवर कधी बसवलेले नव्हते, आणि ही गोष्टही कोणाच्या ध्यानात आलेली नव्हती.

त्या वर्षी तो मान ज्युडिथला मिळाला. कोणाला मिळणार दुसऱ्या?

पण बुधवारी सकाळी पाहुण्यांपैकी निवृत्त पोस्टमास्तरांना ताप भरला. एक खुर्ची रिकामी. बाराच्या जागी अकरा शिष्य कसे चालतील? मुख्याध्यापिका सिस्टर बेनेडिक्ता यांनी शिपायाला पिटाळले. "जो कोणी म्हातारा माणूस भेटेल त्याला घेऊन ये," त्या म्हणाल्या. शिपायाला फाटकाशीच इनासबाबा भेटले. आयुष्यभर मिठागरात काम केलेला म्हातारा. बायको वारलेली, मूलबाळ नाही. उन्हातून चालून दमले होते म्हणून शाळेच्या भिंतीच्या सावलीत बसले होते.

"माझे पाय बरे नाहीत, बाबा. दुसरा कोणी बघ," ते म्हणाले.

"अहो, दोन थेंब पाणी तर लावायचं. चला," असे म्हणत शिपायाने त्यांना जवळजवळ ओढतच आणले आणि शेवटच्या खुर्चीवर बसवले.

विधी सुरू झाला. ज्युडिथ गुडघे टेकून एकेकाचे पाय धुऊ लागली. तिने चांगला सराव केला होता. मान किती झुकवायची, तांब्या कसा धरायचा, सगळे तिला पाठ होते. पहिल्या अकरा जणांचे पाय धुऊन झाले. मग ती इनासबाबांपुढे बसली. त्यांनी उजव्या पायाला एक फडके गुंडाळले होते. ते त्यांनी नाइलाजाने सोडले.

मिठाच्या पाण्यात उभे राहून राहून त्यांचे तळवे जुन्या चामड्यागत झाले होते. टाचेला खोल चीर गेली होती, तिच्याभोवती पाय सुजून काळानिळा पडला होता, आणि वास येत होता. ज्युडिथचा हात थांबला.

इनासबाबा खाली वाकून पुटपुटले, "वरूनच ओत, पोरी, आणि हो पुढं. लोक बघतात."

तिने वरूनच ओतले. टॉवेल पायाजवळ नेल्यासारखा केला आणि ती उठली. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात तिच्या नम्रतेचे कौतुक केले. इनासबाबांनी खाली मान घालून फडके पुन्हा गुंडाळले आणि ते लंगडत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये शुभवर्तमानातला तोच प्रसंग वाचला गेला. ज्युडिथला तो पाठ होता, पण त्या दिवशी ऐकवेना. आपण चोरी केली आहे आणि लोकांनी त्याबद्दल आपला सत्कार केला आहे, असे तिला वाटत राहिले. फार लाज वाटली तिला.

शनिवारी ती मैत्रिणींना घेऊन इनासबाबांच्या घरी निघाली. सवय वाईट असते. तिने शाळेतून पितळी तस्त मागून घेतले, पाकळ्याही घेतल्या. इनासबाबांचे घर म्हणजे मिठागराच्या बांधाशेजारची एक खोली. त्यांनी दार उघडले. तेवढ्यात एका मैत्रिणीने मोबाइल काढून समोर धरला.

"का? त्या दिवशीचा फोटो नीट आला नाही वाटतं?" एवढेच बोलून इनासबाबांनी दार लावून घेतले.

ज्युडिथ तडक सिस्टर बेनेडिक्तांकडे गेली आणि रडतच तिने सगळे सांगितले. "सिस्टर, मी त्यांचा पाय धुतलाच नाही. नुसतं पाणी ओतलं."

सिस्टर म्हणाल्या, "मी पहिल्या रांगेत होते, ज्युडिथ. वास मलाही आला होता. आणि मी तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या." त्यांचे डोळे भरून आले होते. "ईस्टर झाला की दवाखान्यातल्या सिस्टर ॲग्नेसना घेऊन जा. मोबाइलवाल्यांना घरी ठेव."

सोमवारी सिस्टर ॲग्नेस आणि ज्युडिथ गेल्या. सिस्टर ॲग्नेस कॉन्व्हेंटच्या दवाखान्यात परिचारिका होत्या, आणि बोलायला रोखठोक. त्यांनी दारातच बसून पाय बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाबा, मला वाटतं तुम्हाला साखर आहे. डॉक्टरांना दाखवायला हवं. रोज जखम धुऊन पट्टी बांधायला हवी. हयगय केली तर पाय कापावा लागेल."

"कापू देत," इनासबाबा म्हणाले. "मला आता चालत कोणाकडं जायचंय?"

सिस्टर ॲग्नेसनी हातातली पट्टी बाजूला ठेवली.

तेव्हा ज्युडिथ बोलली. वक्तृत्वात पहिली येणारी मुलगी, पण त्या दिवशी तिला शब्द सापडेनात. "बाबा, त्या दिवशी मला किळस आली. म्हणून मी वरून पाणी ओतलं. तुम्हाला ते कळलं होतं. मला माफ करा."

इनासबाबांनी तिच्याकडे बघितले. मग त्यांना हसू आले. "खरं बोललीस. मलाच येते किळस, मग तुला का येऊ नये? त्या दिवसापासून सगळे येऊन सांगतात, काय भाग्य बाबा तुमचं, स्टेजवर पाय धुतले. तू एकटी खरं बोललीस."

"आज धुऊ का?"

त्यांनी पाय पुढे केला.

घरात होती ती ॲल्युमिनियमची परात घेतली. पाणी उकळून गार केले. ज्युडिथने सिस्टर ॲग्नेस सांगतील तशी जखम धुतली. तिला दोनदा उठून बाहेर जावे लागले, आणि दोन्ही वेळा ती परत आली. पट्टी बांधून झाली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि इनासबाबा भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. त्यांच्या पायाला किती तरी वर्षांत दुसऱ्या माणसाचा हात लागला नव्हता.

डॉक्टरांनी तपासले, औषधे दिली आणि निक्षून सांगितले की पट्टी एक दिवसही चुकता कामा नये. सिस्टर ॲग्नेसना सगळ्या गावाचा दवाखाना बघायचा होता, म्हणून रोजचे काम ज्युडिथने घेतले. आणि इथेच खरी परीक्षा आली. मे महिन्यात जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेचे निवासी शिबिर होते. त्या वर्षीचा विषय होता 'सेवेचे महत्त्व'. खोटे वाटेल, पण असेच होते.

"पट्टी दुसरं कोणी बांधेल," आई म्हणाली. "आठवडाभराचाच तर प्रश्न आहे."

आईचे अगदीच चुकत होते असे नाही. ज्युडिथने खरोखरच दुसरे कोणी शोधून पाहिले. एक मैत्रीण तयार झाली, पण जखम बघून दारातूनच परत फिरली. तिला दोष तरी कसा द्यायचा? ज्युडिथ स्वतः तेच करून बसली होती. मग तिने शिबिराला नाव दिले नाही. सेवेच्या महत्त्वावर बोलून दुसऱ्याच एका मुलाने चषक नेला. बातमी ऐकून ज्युडिथ त्या दुपारी उदास झाली, हे सांगायलाच हवे. आपली नायिका काही संत नव्हती. पण वेळ झाली तशी ती पिशवी घेऊन मिठागराकडे चालू लागली.

जखम भरायला सबंध पावसाळा गेला. मधेच ती चिघळली, इनासबाबांना इस्पितळात ठेवावे लागले. त्यांच्या पायाची करंगळी गेली. पाय वाचला. पाऊस थांबला तेव्हा ते काठी टेकत चर्चला आले आणि त्यांच्या मागे बसलेल्या ज्युडिथला त्यांच्या टाचा दिसल्या. टाचांना तेल लावलेले होते. ते त्यांनी स्वतः लावले होते.

पाऊस संपला आणि मिठागरांत पुन्हा कामे सुरू झाली. ज्युडिथ आता दहावीत होती. एका सकाळी वर्गात बीजगणित चालू असताना दारात इनासबाबा उभे राहिले. त्यांच्यामागे एक तरुण बाई होती. मिठागरातलीच, चिखल पोटऱ्यांपर्यंत आलेला. तिने एक पाय वर धरला होता आणि ती चौकटीला टेकून उभी होती.

"गुरुजी," इनासबाबा वर्गातल्या सरांना म्हणाले, "ती पाय बघणारी पोरगी याच वर्गात आहे ना? हिच्या टाचेला चीर गेलीय. दवाखान्यात यायला लाजते. मी म्हटलं, आमच्या पोरीला दाखव, ती नाक मुरडत नाही."

मुले हसली. सर गोंधळले. पाय बघणारी पोरगी? त्यांच्या वर्गात पहिली येणारी मुलगी होती, भाषण करणारी होती, पण असे कोणी त्यांना आठवेना.

शेवटच्या बाकावरून नव्हे, अगदी पहिल्या बाकावरून ज्युडिथ उठली. आजवर तिला पुष्कळांनी निवडले होते. पण कोणी अडलेला माणूस तिचे दार शोधत पहिल्यांदाच आला होता. इतका आनंद तिला कुठल्याही टाळ्यांनी झाला नव्हता.

"सर, मी जाऊ?" तिने विचारले. सरांनी मान हलवली. तिने त्या बाईचा चिखलाने भरलेला हात आपल्या खांद्यावर घेतला आणि तिला सावकाश, पायरी पायरीने खाली दवाखान्याकडे नेले.

तात्पर्य: आपण कशासाठी जन्मलो, हे एकट्याने विचार करून कळत नाही. ज्याच्याकडे बघायला बाकीचे कचरतात, त्याच्यापुढे खाली बसावे आणि त्याला हात लावावा. सेवा दुरून होत नाही, आणि जो जवळ जातो त्याला आपल्या आयुष्याचे काम तिथेच सापडते.