काजीबाबाची दोरी

फार पूर्वीची गोष्ट. खाडीकाठी शनवार तेल्यांची सात घरे होती. की नऊ, हे आता खात्रीने सांगवत नाही. हे तेली ज्यू होते. शनिवारी ते घाण्याला बैल जुंपत नसत. त्यांच्या धर्मगुरूला जुनी माणसे काजी म्हणत.

काजी म्हातारा होता. वाडीत पंचांग नव्हते. रोज दिवस मावळला की तो काथ्याच्या दोरीला एक गाठ मारी. सातवी गाठ मोठी. त्या गाठींवर सारी वाडी विसंबून असे.

एकदा वाडीतल्या सगळ्यांना तापाने घेरले. घाणा थांबला. काजी ग्लानीतून उठला, तेव्हा दोरी उशाशी तशीच पडलेली. किती गाठी राहिल्या, कोण जाणे!

सकाळीच एक तेली काजीच्या दाराशी आला. "काजीबाबा, घरात तेलाचा थेंब नाही. बैल जुंपू ना? आज शनिवार तर नाही?"

काजी विचारात पडला. 'आज विसावा' म्हटले, तर पडताळणार कोण? पण एक गाठ खोटी पडली, की पुढचा प्रत्येक शनिवार खोटा. नातवंडेही खोटाच दिवस पाळणार.

"मला ठाऊक नाही रे," तो म्हणाला. "मोजणी चुकली माझी."

"मग माझा बैल काय वाईट होता? त्यालाही वार कळत नाही!"

"खरं आहे बाबा. चल, कुणाला तरी विचारू."

जन्मात कुणाला वार न विचारलेला काजी वाडीशेजारच्या कुंभारणीच्या अंगणात गेला.

"बाई, आज वार कोणता गं?"

"घ्या! तुमचा घाणा थांबला की आम्ही शनिवार धरायचा, आणि तुम्ही मला विचारता?"

काजी परत फिरला.

"अहो, पण ऐका तरी! या वेळी घाणा थांबला तो पुन्हा फिरेचना. मग मारुतीला तेल घालायचं कधी? म्हणून त्या शनिवारनंतर रोज चुलीपाशी एक खडा ठेवला. हे बघा, तेरा. आज शुक्रवार. तेलालाच निघाले होते. उद्या तुम्ही थोडंच देणार!"

काजीचे डोळे भरून आले. त्याने राहिलेल्या गाठी मारल्या. बैल जुंपला गेला, आणि पहिले तेल कुंभारणीच्या गाडग्यात पडले. दिवस मावळताना घाणा थांबला.

तरी काजीच्या मनातली शंका काही मिटेना: घाणा तापामुळे एक दिवस आधीच थांबला असेल तर? बऱ्याच वर्षांनी एक व्यापारी छापील पंचांग घेऊन गलबतातून उतरला. काजीने दोरी पुढे केली. गाठ आणि वार तंतोतंत जुळले. कुंभारणीचा एकही खडा चुकला नव्हता.

तात्पर्य एवढेच: 'मला ठाऊक नाही' म्हणणाऱ्याला सांगणारा शेजारी भेटतोच.