धुरपदाआईची तुरीची ओळ

फार फार मागे, आपल्या या माळावर धुरपदा नावाची एक विधवा बाई राहायची. पेरणीला तिफणीमागे चालत चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरायला सगळा गाव तिलाच बोलवायचा. ज्वारीच्या काही ओळी झाल्या की एक ओळ ती तुरीची सोडायची. असं म्हणतात, तिच्या मुठीतलं बी कधी वाया गेलं नाही.

त्या वेळी रंगराव पाटील गावचा कारभार बघायचे. एकदा ते नदीकाठच्या सोयऱ्यांकडे गेले आणि तिथलं एकसारखं हिरवं शिवार बघून भाळले. आल्या आल्या त्यांनी हुकूम सोडला की आपल्याही शिवारात नुसती ज्वारीच दिसली पाहिजे. आपल्याला नदी नाही, हे कुणी त्यांना सांगितलं नाही. तोवर तूर वीतभर आली होती. लोकांनी ती आपल्या हातांनी उपटली.

धुरपदाआई मात्र आपल्या पट्टीत तुरीच्या ओळीत जाऊन उभी राहिली.

पाटील म्हणाले, "धुरपदे, उपट ती. शिवाराची गोधडी केलीस तू."

"गोधडी तर गोधडी, पाटील. थंडीत तीच अंगावर घेता ना? पाऊस मधेच गेला तर ज्वारी वाळंल. तुरीचं मूळ खोल जातं, ती तग धरंल. मी हलायची नाही."

"मग रहा उभी. हिला कुणी पाणी द्यायचं नाही."

आणि कुणीही दिलं नाही. जिच्याकडून मूठ धरायला शिकल्या, त्या बायाही घागरी घेऊन खाली मान घालून गेल्या. हे सांगताना आजही माझा जीव जळतो.

ज्वारी पोटऱ्यात आली, कणीस अजून बाहेर पडायचं होतं, आणि पाऊस गेला तो गेलाच. सगळं शिवार उभ्या उभ्या वाळलं. धुरपदाआईची तूर तेवढी हिरवी होती. असं म्हणतात, तुरीच्या मुळांबरोबर तिचे पायही जमिनीत खोल उतरले आणि खालची ओल तिला मिळत राहिली.

थंडीत शेंगा भरल्या. सगळा गाव उपाशी बांधावर आला. पुढे पाटील, हातात टोपली.

"टोपली ठेवा खाली," धुरपदाआई म्हणाली. "पागोटं पसरा."

पाटलांनी पागोटं सोडलं. तिने ते शेंगांनी भरलं, मग प्रत्येकाची ओटी भरली. शेवटची शेंग दिली आणि ती दिसेनाशी झाली, असं म्हणतात.

लोक तिला देवी म्हणतात. म्हणोत बापडे. पण देवी म्हटलं की तिला तहान लागली होती हे विसरायला सोपं जातं. मी ते विसरू देणार नाही.

आजही आपल्याकडे तुरीची ओळ सोडल्याशिवाय पेरणी होत नाही. पेरणीच्या दिवशी पाटलांच्या घरचा कर्ता पुरुष चाड्यावरच्या बाईला बोडक्या डोक्याने पाण्याचा तांब्या देतो. ती सावकाश पिते. तिचं पिऊन होईपर्यंत बैल उभे, तिफण उभी, पाटीलही उभा.