वेशीवरचा खरवडलेला दगड

माडवणे बंदराच्या पडक्या तटाची एकच वेस शाबूत आहे. तिच्या कमानीवरच्या दगडातली अक्षरं छिन्नीने खरवडलेली दिसतात. कुणाचं नाव होतं, असं पाहुण्यांनी विचारलं की कोळीवाड्यातले नव्वदीचे धाकू नाखवा सांगायला बसतात.

फिरंग्यांचा अंमल होता. पोर्तुगालची गादी तेव्हा स्पेनच्या राजाकडे होती, म्हणून शहर वसवायला स्पेनहून एक स्थपती आला. बाल्तासार त्याचं नाव. मापाची दोरी घेऊन तो महिनाभर खाडीकाठ पायी फिरला म्हणे. सरळ रस्ते, मधोमध चौक, घराघरात वारा, सांडपाण्याला उतार, असं शहर त्यानं कागदावर उतरवलं. पण त्या जागेवर कोळ्यांची वस्ती होती. बाल्तासार त्यांच्या म्होरक्याच्या, हिरू नाखव्याच्या अंगणात बसला आणि मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाला, "घरं काढा. तटाच्या आत, उंचावर जागा देतो. माझा शब्द."

हिरूने विश्वास ठेवला. कोळ्यांनी आपली घरं आपल्याच हातांनी उतरवली आणि तीन वर्षं तटाचे दगड वाहिले.

तट पुरा होत आला तशी बंदराचा कारभार पाहणाऱ्या फिरंगी कप्तानाने उंचावरची जागा आपल्या सरदारांना वाटली. कोळ्यांना तटाबाहेर, भरतीचं पाणी येतं त्या खाजणात ढकललं. बाल्तासार भांडला. कप्तान म्हणाला, "नकाशावर सही कर, नाहीतर दुसरा करील. मग वेशीवर नावही त्याचंच लागेल."

तटावर आपटलेलं पाणी उलटून खाजणावर चढणार, हे बाल्तासारला कळत होतं. तरी नावापाशी त्याचा जीव अडला. त्यानं सही केली.

श्रावणातल्या उधाणाने एका भरतीत अकरा घरं नेली, असं सांगतात. हिरू गेला, त्याच्या दोन्ही मुली गेल्या. ओहोटी लागल्यावर बाल्तासार चिखल तुडवत आला. हिरूची बायको आंबाय घराचा चौथरा शोधत होती. तिनं वर पाहिलं.

"तुला ठावं व्हतं?"

"हो," तो म्हणाला.

"मंग जा."

तो गेला नाही. त्यानं वेशीवर चढून स्वतःचं नाव खरवडलं. कप्तानाने चाकरीतून काढलं, तेव्हा खाजणातच झोपडी घालून तो नऊ वर्षं राहिला. कोळ्यांनी त्याला हाकललं नाही, पण कुणी बोललंही नाही. मेला तेव्हा चर्चने जागा नाकारली, कोळ्यांनीही नाकारली. कुणीतरी तटाच्या पायथ्याशी पुरला. ती मातीही पुढच्या पावसाळ्यात वाहून गेली म्हणे.

आजही माडवण्यात काही बांधायचं तर बांधणाऱ्याने आधी त्या जागेवर अनवाणी बसून एक पुरी भरती काढायची, पाणी कुठवर येतं ते बघायचं, मगच दोरी लावायची. गेल्या वर्षी नव्या धक्क्याचा नकाशा घेऊन इंजिनिअर आले होते. धाकू नाखव्यांनी काठावर चटई अंथरली.

साहेब गाडीतून उतरलेच नाहीत.