मोरपिसांमागचा पडदा

"चाचा, हिरवा की निळा?" उन्मेषने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता हिरवा पडदा ओढलासुद्धा.

यासीनचाचा स्टुलावर बसून होते. कोल्हापुरातल्या एका लहानशा चित्रीकरणाच्या स्टुडिओत चाळीस वर्षं पडदे त्यांनीच बांधलेले. उन्मेष तीन वर्षं त्यांच्या हाताखाली होता. सकाळीच ते त्याला म्हणाले होते, "आजचा रंग तू निवड. जमलं, तर पुढं मला विचारायचं नाही."

पडद्यासमोर केरबा वासुदेव चित्रीकरणासाठी उभा होता. अंगात पांढरा घोळदार अंगरखा, डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी.

उन्मेषला काम सोपं वाटलं. संगणक पडद्याचा रंग तेवढा पुसतो, आणि पुसल्या जागी आपल्याला हवं ते चित्र बसतं. त्याने पहाटेच्या गल्लीचं चित्र बसवलं.

पिसंही हिरवीच; केरबाची टोपी विरली. पिसांना भोकं पडली, आणि भोकांतून गल्ली दिसू लागली.

केरबाने संगणकाकडे वाकून पाहिलं. "मोराला चाई लागून पिसं झडलीत जणू."

उन्मेष हसला नाही. त्याने निळा पडदा लावला. हिरवं परत आलं, पण पिसांवरचे निळे डोळे गेले.

मग लाल लावला. आता केरबाचा तांबूस चेहराच विरायला लागला.



उन्मेषची कानशिलं तापली. "टोपी काढा हो. नंतर संगणकावर तश्शी बसवतो. कुणाला कळणारही नाही."

"बरं," केरबा म्हणाला. पण हनुवटीखालच्या नाडीशी त्याची बोटं घुटमळली. "माज्या बाच्या हातची हाय, सायेब. ही उतरली की मी वासुदेव न्हाई. नुसता केरबा. पन तुमी म्हंता तर..."

तो गाठ सोडू लागला.

चाचा उठले. हळूहळू चालत गेले आणि केरबाच्या बोटांवर त्यांनी आपला हात ठेवला. उन्मेषकडे पाहिलंही नाही.

"केरबा, सकाळी आलास कुठनं?"

"गल्लीतनंच की."

"हं..."

चाचा परत स्टुलावर जाऊन बसले.

उन्मेष पडद्याकडे बघत राहिला. मग संगणकावरच्या गल्लीकडे. मग केरबाकडे, आणि नजर तिथंच थांबली.

त्याने एकेक दिवा मालवला.

"केरबाबा, उद्या पहाटे किती वाजता निघता?"

"कोंबड्याला इचारून."

"कॅमेरा घेऊन मी मागनं आलो तर?"

"या की." केरबाने नाडी पुन्हा घट्ट केली. "हातात काठी तेवढी असू द्या. कुत्री वळकत न्हाईत तुमाला."

केरबा गेला. उन्मेष लाल पडदा उतरवून घड्या घालू लागला. सकाळचा तोरा आता त्याच्या आवाजात नव्हता.

"चाचा, रंग काही निवडता आला नाही मला. पुढच्या वेळी तुम्हालाच विचारीन."

चाचांनी पडद्याचं दुसरं टोक धरलं. टोकाला टोक जुळवलं.

"पुढच्या वेळी," ते म्हणाले, "मी तुला विचारीन."