पांढरा प्लग

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्यात राणीही होती आणि मोटारीही होत्या. हे कसं जमलं ते विचारत बसू नका, गोष्टीत असं चालतं.

त्या राज्यात घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव मोठं काटकसरी. कुणाच्या दारात नवी गाडी आली की लोक रंग पाहत नसत, वेग विचारत नसत. पहिला प्रश्न एकच, "ॲव्हरेज किती देते?" तिथले मिस्त्री इंजिनाला पेट्रोल इतकं हात राखून पाजत, की ठिणगीचा प्लग काढला तर टोकाशी पांढरा निघे. पांढरा प्लग म्हणजे त्या गावात अब्रू. तो चारचौघांत दाखवून मिरवायचा. ज्याचा प्लग तपकिरी निघे, त्याला उधळा म्हणत.

हैबती हा तिथला नावाजलेला मिस्त्री. आपल्याच गाडीतून तो घाटावरची माणसं खाली-वर नेई. बायको, दोन लेकरं, सगळं घर त्या गाडीवर चाले.

एके दिवशी राणीने दवंडी पिटवली. किल्ल्यावरचे आजारी लोक खाली वैद्याकडे वेळेत पोचत नाहीत, म्हणून येत्या पौर्णिमेला सकाळी घाटाची शर्यत होईल. जी गाडी आधी वर पोचेल, घाटाची वाहतूक यापुढे फक्त तिचीच.

हरलो तर खायचं काय? त्याने इंजिन खोललं, घासलं, नवे व्हॉल्व्ह बसवले. तरी चढाला गाडी धापा टाकायचीच.

तेवढ्यात बाजारात एक परमुलखातला व्यापारी निळी टाकी घेऊन आला. "यात नायट्रस वायू आहे," तो म्हणाला. "इंजिनात सोडलात की आतल्या आगीला भरपूर हवा मिळते आणि गाडी उसळते. पण नीट ऐका. वायूच्या जोडीने जादा पेट्रोलही सोडायचं. म्हणून नळ्या दोन आहेत आणि प्रत्येक नळीच्या तोंडाला तिचं जेट, म्हणजे मापाच्या भोकाची तोटी, आहे. ठिणगी जरा उशिरा पडेल अशी लावा. आणि बटण दाबायचं ते ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतानाच."

हैबतीने अगदी तसंच केलं. टाकी मागे आवळून बसवली, नळ्या पुढे आणल्या, ठिणगी मागे घेतली. मग पेट्रोलचं जेट हातात घेतलं आणि त्याचं भोक पाहून त्याचा जीव कळवळला. "एवढं पेट्रोल? त्या व्यापाऱ्याच्या बापाचं काय जातंय," असं पुटपुटत त्याने स्वतःच्या डब्यातलं बारीक भोकाचं जेट बसवलं. बघा, सगळं ऐकलं आणि नेमकं तेवढंच ऐकलं नाही.

माळावर जाऊन त्याने क्षणभर बटण दाबलं. गाडी अशी सुटली, की डोक्यावरची टोपी मागच्या सीटवर जाऊन पडली. थांबून त्याने प्लग काढला. चुन्यासारखा पांढरा, आणि वर बारीक चंदेरी ठिपके. हैबती खूश झाला आणि प्लग घेऊन थेट पारावर गेला.

तिथे गजराबाई होती. तीही घाटात गाडी चालवी, आणि तिचा प्लग तपकिरी असल्यामुळे गाव तिला उधळी म्हणे. तिने प्लग उन्हात धरला. "हैबती, आत आग उपाशी आहे रे. आणि हे ठिपके कसले? इंजिनात चांदी कुणी ठेवत नाही. काहीतरी वितळतंय."

"मावशी, तुम्ही आपल्या प्लगचं बघा," हैबती म्हणाला, आणि पारावरचे सगळे हसले.

शर्यतीच्या दिवशी अर्ध्या घाटापर्यंत गजराबाई पुढे होती. मग हैबतीने बटण दाबलं आणि तिला मागे टाकलं. किल्ल्याचा दरवाजा दिसू लागला. शेवटच्या उभ्या चढाला त्याने बटण दाबूनच धरलं. इंजिनातून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला. त्याने तो ऐकला, तरी बोट काढलं नाही. एक धडाका झाला, धूर निघाला आणि गाडी जागीच थांबली. दरवाजा समोर होता. गजराबाईची गाडी आपल्या चालीने बाजूने वर गेली.

उतरताना तिनेच दोर लावून हैबतीची गाडी घरी आणली. त्याने इंजिन खोललं. चुलीतलं लाकूड संपलं की चूल विझते, पण इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडलं की आगीचा ताप भांड्यालाच वितळवतो. पिस्टनला मधोमध आरपार भोक पडलं होतं. जेटला जे भोक त्याने नाकारलं होतं, ते इथे पडलं होतं. हैबती तो पिस्टन हातात घेऊन लेकरांसमोर रडला.

गजराबाई म्हणाली, "उद्यापासून माझ्या गाडीला मिस्त्री लागेल. ये. तुझा जेटचा डबा मात्र घरीच ठेव."

हैबती गेला. ज्या घाटावर त्याची गाडी धावायची, तिथे आता तो दुसऱ्याच्या गाडीचं तेल बघतो. आणि कुणी पांढरा प्लग मिरवत आला, तर तो भोक पडलेला पिस्टन त्याच्या हातात देतो.

यातून घ्यायचं ते एवढंच: ज्याच्याकडून जास्त काम घ्यायचं, त्याला आधी जास्त खायला घालावं.