उरलेलं लोखंड

"काम झाल्यावर उरलेलं लोखंड कुणाचं, बापू?"

विचारता विचारताच भरमू शेडबाळेने हातातली पिशवी मठाच्या ओसरीवर उपडी केली. जेवणाच्या डब्याची एवढीशी पिशवी. सळयांचे तुकडे खणखणत फरशीवर पसरले. एकही बोटापेक्षा लांब नव्हता.

भरमू लोखंडी कामाचा ठेकेदार. टेकडीवरच्या या मठाच्या विहिरीला जाळी बसवायचं काम त्याने घेतलं होतं, ते आजच संपलं. पिशवी त्याच्या फिटरची, दस्तगीरची. तो दाराशी मान खाली घालून उभा होता. पन्नाशी उलटलेल्या फिटरला दुसरा ठेकेदार दारात उभं करत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

भरमूचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नाही. जेवायला बसला तरी एक डोळा सळयांच्या ढिगावर. आता त्याचं म्हणणं असं, की हा चौदा वर्षं आपल्याला लुटतोय, मुद्दाम माल वाया घालवतो आणि उरलेलं भंगारवाल्याला विकतो. बापूंनी याला एकदा तोंडावर चोर म्हणावं, म्हणजे आजच्या आज हाकलायला आपण मोकळे.

दस्तगीर एवढंच म्हणाला, "पिशवी रोज तुमच्यासमोरच खिळ्याला टांगतो, मालक."

"बघा कसा साळसूद बोलतोय," भरमू म्हणाला.

मठाचे महंत भानुगिरी बापू, त्यांनी एक तुकडा उचलला, बोटांत फिरवला, खाली ठेवला...

"सैपाकघराच्या दोन खिडक्यांना गज नाहीत," ते म्हणाले. "मठाच्या सळया मागं पडल्यात. तू आपल्या हातानं काप. पहिल्या खिडकीचं उरेल ते तुझं."

म्हातारा फुकटात काम उरकून घेतोय, असा संशय भरमूला आलाच. पण 'उरेल ते तुझं' म्हटल्यावर तो उठला.

उभे लांब गज त्याने आधी कापले. आडव्या आखूड गजांसाठी कोऱ्या सळया घेतल्या. हातभर लांबीचे चार तुकडे उरले. ते त्याने कुणाचं लक्ष नाहीसं बघून आपल्या मोटरसायकलला टेकवून ठेवले.

"आता दुसरी," बापू म्हणाले. "हिचं उरेल ते मठाचं."

खिडकी तशीच, माप तेच. या खेपेला मात्र भरमूने आधी फरशीवर खडूने खुणा केल्या, दोनदा टेप लावली. लांब गज कापून जे राहिलं त्यातूनच आखूड गज काढले. शेवटी उरलं ते एका मुठीत मावलं.

खोटं कशाला बोलू, त्याने हे ठरवून केलं असं मला वाटत नाही. हाताला सवय होती, एवढंच.

बापू उठले. मोटरसायकलपाशी गेले आणि ते चार तुकडे घेऊन आले.

"ते माझे, बापू. तुम्हीच म्हणालात."

"तुझेच."

बापूंनी ते दस्तगीरच्या तुकड्यांशेजारी मांडले. एका बाजूला हातभर, दुसऱ्या बाजूला बोटभर...

भरमू बघत राहिला. कानशिलं तापली त्याची. लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रागही आला. दारात दस्तगीरने पहिल्यांदाच मान वर केली.

"मग... याचं काय करू मी?" भरमूने त्याच्याकडे न बघता विचारलं.

बापूंनी रिकामी पिशवी उचलली आणि भरमूच्या हातात दिली.

"आधी तुझे चार तुकडे हिच्यात मावतात का बघ. मग म्हण त्याला चोर."