रिबकाआक्काची बोली

ऐका, आणि मधेच उठायचं नाही. फार वर्षांपूर्वी, सोनखडीच्या चर्चवर अजून गवताचं छप्पर होतं, तेव्हा तिथं रिबकाआक्का नावाची बाई राहायची. दळण-कांडण करून पोट भरायची. पायाला नुसती भिंगरी! जात्यावर बसली तरी जीव थाऱ्यावर नसायचा. तिच्या जिभेखाली सतत काहीतरी वळवळायचं, असं म्हणतात.

एका रविवारी भर उपासनेत ते बाहेर पडलं. कुणालाच न कळणारी बोली, धबाधबा. छपरातल्या चिमण्या चिडीचूप झाल्या आणि बाहेर बांधलेले बैल गुडघे टेकून बसले, असं म्हणतात. तुम्ही हसा हवं तर. पवित्र आत्मा उतरला म्हणून लोकांनी हात जोडले.

पण पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारी तेच, आणि अर्थ मात्र कुणालाच लागेना. मग कुजबुज सुरू झाली. पाळकसाहेब शांतवनराव मनानं मऊ, पण नियमाला पक्के.

"आक्का, अन्य भाषा बोलायची तर अर्थ सांगणारा लागतो. नसेल तर मंडळीत गप्प बसावं, असं शास्त्रच आहे. कापणीच्या सणापर्यंत माणूस आणा. नाही मिळाला, तर घरीच प्रार्थना करा."

घरी! घरी तिचं होतं कोण? नवरा गेलेला, पोटी मूल नाही. चर्चमधली बायकांची चटई हेच तिचं गणगोत. त्या चटईवर तिच्या शेजारी सुंद्राबाई बसायची. सुंद्राबाईचा पोरगा आमोस विहिरीत बुडाला, त्या दिवसापासून ती ना रडली, ना बोलली. गावानं तिला मुकीच धरलं होतं.

आक्कानं गप्प बसून पाहिलं. तोंडात पदराचा बोळा कोंबला. तर अंगात ताप भरला, आणि तिनं थांबवलेलं जातं आपोआप गरगर फिरू लागलं, असं म्हणतात. मग ती अर्थ सांगणारा शोधायला निघाली.

आणि इथंच सगळं गाव चुकलं बघा. अर्थ सांगणारा म्हणजे चार मुलखांच्या भाषा येणारा, असं सगळ्यांनी धरलं, आणि आक्कानंही. बाजारामागून बाजार पालथे घातले. घोंगडीवाला कानडी गाठला, हिंगवाला पठाण गाठला, तेलंगी पाथरवट गाठला. त्यांच्यासमोर बोलून दाखवायची आणि विचारायची, "दादा, ही तुमची बोली का हो?" सगळे नाही म्हणून मान हलवायचे. पाथरवटाच्या डोळ्यांना तेवढी धार लागली. का, ते त्यालाही सांगता येईना.

सणाचा दिवस उजाडला. वेदीपाशी कणसांचे भारे रचले होते. आक्का रिकाम्या हातांनी आली आणि शेवटचं म्हणून चटईवर बसली. गाणं संपलं, आणि तिच्या तोंडून ती बोली सुटलीच.

"आक्का, पुरे!" शांतवनराव ओरडले.

"थांबा," कुणीतरी म्हणालं. आवाज घोगरा, गंज चढलेला. सुंद्राबाई उभी राहिली होती!

"हे तिचं नाही, माझं आहे. ती म्हणतेय, दोर सोडा. म्हणतेय, माझं लेकरू अजून वर येईल. म्हणतेय, देवा, तू तेव्हा कुठं होतास?"

एवढं बोलून तिनं हंबरडा फोडला. तो ऐकून गावातल्या साऱ्या विहिरींचं पाणी काठापर्यंत चढलं आणि सावकाश खाली गेलं, असं म्हणतात. शांतवनराव वेदीवरून खाली उतरले आणि चटईच्या कडेला बसून रडले. आक्कानं सुंद्राबाईला पोटाशी धरलं. तिच्या जिभेखालची वळवळ त्या दिवसापुरती थांबली. त्या दिवसापुरतीच हं! पुढं जन्मभर ती गावोगाव फिरत राहिली, कुणाकुणाचं अडकलेलं बोलत.

आता सोनखडीच्या चर्चवर पक्कं छप्पर आहे, बाकं आहेत. तरी पुढं एक चटई अंथरलेली असते. उपासना उरकायच्या आधी पाळक विचारतात, "कुणाचं आत अडकलंय का?" आणि सगळे थांबतात. बाहेर ऊन चढतं, पोरं चुळबुळतात, घरी भाकरी निवतात. कधी कुणीच उठत नाही. कधी एखादी बाई जाऊन त्या चटईवर बसते, आणि मग दुसरी कुणीतरी उठून तिच्या शेजारी बसते. तिला कुणी काही विचारत नाही. तिचं होईपर्यंत चर्चमधून कुणी घरी जात नाही.